मशीन कुठंही जाणार नाही, आत्याबाई

आत्याबाई, तुम्ही गेलात आणि तुमच्या पाठोपाठ माझ्यावर एक आळ आला. मी तुम्हाला बसवून मारलं. शब्द अगदी असेच नाहीत, पण अर्थ हाच. तेराव्याला तो मी मिरजगावात ऐकला, आणि तिथून सावेडीला परत आल्यावर माझ्याच घरात, नवऱ्याच्या गप्प राहण्यातही ऐकू येत राहिला. सासू वारली की सुनेनं डोळे पुसावेत, चार चांगल्या आठवणी सांगाव्यात आणि कामाला लागावं अशी रीत आहे. माझे डोळे पुसून झाले. आता मला भांडायचं आहे, आणि ज्या एका माणसाशी मला मनासारखं भांडता यायचं ते माणूस तुम्ही होता. म्हणून हे तुम्हालाच लिहिते.

पहिली काही वर्षं तर आपण एकमेकींशी तोंडानं भांडलोच नाही. आपल्या वतीनं भांडी भांडायची. मामंजी गेले आणि तुम्ही मिरजगावचं घर थोरल्या दिरांच्या, दादांच्या, आणि माझ्या जाऊबाई अक्कांच्या हवाली करून आमच्याकडे आलात, ते एक पत्र्याची ट्रंक आणि काथ्याचं एक भलंमोठं गुंडाळं घेऊन. आल्या दिवशीच तुम्ही मागची मोरी ताब्यात घेतलीत. मी शाळेत शिकवणारी, सकाळी माझी धावपळ, म्हणून मी भांड्यांना बाई लावते म्हटलं. तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत, जसं काही मी देव्हाराच भाड्यानं द्यायचं म्हणत होते. आपलं खरकटं दुसऱ्या बाईनं का उचलायचं, हा तुमचा प्रश्न. मी काहीही सांगितलं असतं तरी तुम्ही ऐकलं नसतं.

मग रोज दोन्ही वेळा मागून आवाज यायचा आणि त्या आवाजावरून मला घरातलं हवामान कळायचं. ताटं आपटली की समजावं, मी शाळेतून उशिरा आले. पातेलं दगडावर फरपटलं की माझ्या माहेरचं कुणीतरी येऊन गेलेलं असायचं. आणि वाट्या एकात एक अगदी अलगद ठेवल्या जायला लागल्या की मी आपणहून चहा टाकायला उठायचे, कारण याचा अर्थ फारच बिनसलंय. मीही काही गरीब गाय नव्हते. तुमच्याकडे भांडी होती तर माझ्याकडे डब्यांची झाकणं होती. आपल्या दोघींच्या मधे तुमचे धाकटे चिरंजीव वर्तमानपत्र डोळ्यांपुढे धरून बसायचे आणि आपल्या घरात किती शांतता आहे असं लोकांना सांगायचे.

हिवाळ्यात तुमच्या अंगठ्यांना चिरा पडायच्या. त्यात राख भरायची, मग तुम्ही आमसुलाचं तेल तापवून त्यात थेंब थेंब सोडायचात आणि दात आवळून बसायचात. बोटं सांध्यात वाकडी व्हायला लागली होती. तुमचे हात यांना बघवेनात. नागापूरच्या कंपनीत दिवसभर मशीनपाशी उभा राहणारा माणूस, त्याला कुठल्याही दुखण्यावर मशीन हेच औषध सुचतं. दिवाळीच्या तोंडावर एके दिवशी दारात टेम्पो उभा राहिला. गल्लीतल्या बायकांना वाटलं कपडे धुवायचं मशीन आलं. भांडी घासायचं आहे म्हटल्यावर त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग तुमच्याकडे, आणि जिला जे समजायचं ते समजून सगळ्या घरोघर गेल्या.

बसवायला आलेल्या माणसानं सगळं नीट समजावून सांगितलं. साधी पावडर चालणार नाही, ह्याची वेगळी, पुण्याहून आणावी लागेल. आपल्या बोअरच्या पाण्याला क्षार फार, म्हणून ह्या कप्प्यात मीठ घालायचं, तेही वेगळं. तुम्ही तिथंच अडलात. "मीठ कशापायी? जेवतंय का काय हे?" तो माणूस हसला. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही हळदीकुंकू आणलंत, नारळ फोडलात, मशीनच्या काळ्या दारावर बोटानं स्वस्तिक काढलंत, आणि मग मोरीवर जाऊन सकाळची सगळी भांडी घासून, विसळून, पुसून घेऊन आलात आणि एकेक करून त्या मशीनच्या जाळीत मांडलीत. मी म्हटलं, आत्याबाई, ही घासलेली आहेत. तुम्ही म्हणालात, "मंग? नव्या वस्तूत खरकटं घालायचं व्हय?"

मला वाटलं पहिल्या दिवसापुरतं असेल. कसलं काय. रोज तुम्ही भांडी आधी स्वतः घासायचात आणि मग ती मशीनला द्यायचात. दिवाळीत पाहुणे आले, तेव्हा यांनी एक ताट उजेडात धरून सगळ्यांना दाखवलं, बघा मशीननं कसं चकाचक केलंय. मी तुमच्याकडे बघितलं नाही आणि तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण आपण दोघींनी मिळून एकाच माणसाला फसवल्याची ती पहिलीच वेळ. मला त्या दिवशी तुम्ही फार आवडलात, हे तेव्हा सांगायला हवं होतं.

त्या मशीनची सगळ्यात मोठी तारीफ म्हणजे त्याचा आवाज येत नाही. यांना त्याचं केवढं कौतुक. तुम्हाला नेमकं तेच खुपायचं. तुम्ही दाराला कान लावून बघायचात, तळहात टेकवून बघायचात. चालू आहे का मेलं आहे, असं मला विचारायचात. घरात भांडं वाजलं पाहिजे, नाहीतर शेजारच्यांना कळणार कसं की इथं माणसं राहतात, असं तुमचं म्हणणं. आणि खरी अडचण वेगळीच होती, ती आपल्याला दोघींनाही कळत होती. भांडी एकदा मशीनच्या पोटात गेली की रागावलं तर आपटायचं काय? एकदा मी तुमच्या चहात साखर कमी घातली. तुम्ही मोरीपर्यंत गेलात, रिकाम्या मोरीकडे बघितलंत, परत आलात आणि मला तोंडावर सांगितलंत, "शैला, च्यात साखर न्हाई." एवढं सरळ वाक्य तुम्ही मला त्याआधी कधी म्हटलं नव्हतं. मी म्हटलं, डॉक्टरांनी कमी सांगितलीय. तुम्ही म्हणालात डॉक्टरला काय कळतंय. आणि मग आपण खूप वेळ, अगदी छान, तोंडानं भांडलो.

तरी दोनदा घासणं चालूच होतं. ते थांबलं ते पिठल्याच्या कढईमुळं. मशीनचं पितळ उघडं पाडायचं असं तुम्ही मनाशी ठरवलंत आणि मुद्दाम तळाला लागलेलं, करपलेलं पिठलं कढईत तसंच ठेवून ती कढई न घासता आत घातलीत. वर चार खरकटी ताटंही टाकलीत, जोडीला. मधेच लाइट गेली, ती बराच वेळ आलीच नाही. तुम्ही तिथून हलला नाहीत. शेवटी लाइट आली, मशीनचं काम संपलं आणि दार उघडलं तेव्हा ताटं लख्ख होती आणि कढई होती तशीच, पिठल्यासकट. तुमचा चेहरा मला अजून दिसतो. निवडणूक जिंकल्यावरही कुणी इतकं खूश होत नसेल. ती कढई तुम्ही राखेनं घासून माझ्यासमोर आणून आपटलीत, आणि मग जरा वेळानं, मोठ्या मनानं म्हणालात, ताटांचं मातर बरं करतंय. तेव्हापासून वाटणी झाली. कढई, तवा, दुधाचं पातेलं तुमचं. ताटं, वाट्या, पेले त्याचे.

तिथून तुम्ही बसायला लागलात.

आधी मशीनच्या राखणीला म्हणून, त्याच्या समोरच पाट टाकून. लाइटचा भरवसा नाही, मधे बंद पडलं तर कोण बघणार, हे निमित्त. मग पाट थोडा सरकला आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आला. तिथून पुढच्या खोलीतलं दिसतं. आणि एके रविवारी जेवणं झाल्यावर मी बघते तर तुम्ही पुढच्या खोलीत दिवाणावर, भिंतीला पाठ टेकून, पाय पोटाशी घेऊन बसलेल्या. हे त्यांच्या कंपनीतल्या कुणाची तरी नक्कल करत होते आणि तुम्ही हसत होता. मी सुपारी आणून दिली. तुम्ही अगदी हळू, जसं काही कुणाला कळू नये असं मला म्हणालात, "जेवल्यावर मानसं काय बोलत्यात, ते मला कवा ठावंच न्हवतं."

आत्याबाई, हे वाक्य मी कुणाला सांगितलं तर लोक म्हणतात, त्यात काय एवढं. मला त्या दिवशी रडू आलं होतं आणि मी ते लपवायला आत गेले होते. लग्न झालं त्या दिवसापासून जेवणं आटोपली की तुम्ही मागं आणि घर पुढं. सोयरीक कुठं करायची, विहीर कुठं खणायची, कुणाला शाळेतून काढायचं आणि कुणाला ठेवायचं, सगळं पुढच्या ओसरीवर जेवणं झाल्यावर ठरायचं आणि तेव्हा तुम्ही काथ्या घेऊन दगडापाशी. तुमच्याच भांड्यांच्या आवाजात तुमच्याच घरचं बोलणं तुम्हाला ऐकू यायचं नाही. जे ठरलं ते दुसऱ्या दिवशी कळायचं. आता ते मशीन आत गुपचूप आपलं काम करायचं आणि तुम्हाला पुढच्या खोलीतला शब्द न् शब्द ऐकू यायचा.

खोटं कशाला बोलू, तुमचं ते बसणं मला नेहमीच गोड लागलं असं नाही. सुरुवातीला तुम्ही नुसत्या ऐकायचात. मग विचारायला लागलात. मग तुम्हाला मतं फुटली. शाळेतल्या मुख्याध्यापकांशी मी कसं वागावं, समोरच्यांनी कुंपण कुठं घालायला हवं होतं, यांनी कंपनीत साहेबाला काय उत्तर द्यायला हवं होतं, सगळ्याला तुमच्याकडे उत्तर. आयुष्यभराची साठवण होती ती, आणि ऐकायला मी एकटीच हातात सापडलेली. काही दिवशी तर वाटायचं, आत्याबाई मोरीवरच बऱ्या होत्या.

आणि एक भांडण तर तसंच राहिलं. मी म्हणायचे, मशीन पूर्ण भरल्याशिवाय चालवायचं नाही, ती पावडर दर वेळी पुण्याहून मागवावी लागते. तुम्ही म्हणायचात, खरकटं घरात डांबून ठेवणं चांगलं नाही, जेवण झालं की लगेच लावायचं, मग आत दोन ताटं असोत की चार. मी शाळेत गेले की तुम्ही चोरून लावायचात. मला कळायचं, कारण पावडर मला खोटं सांगायची नाही. मी अजूनही ते भरल्याशिवाय लावत नाही. तुम्ही गेलात म्हणून मी माघार घेईन असं वाटत असेल तर ते डोक्यातून काढा.

संक्रांतीच्या सुमाराला दादा मिरजगावहून आले. हे लिहिताना मला दादांवर अन्याय करायचा नाही. आई धाकट्याकडे राहते, लोक विचारतात, थोरल्याला ते लागत होतं. जेवणं झाली, मी मशीन लावलं, तुम्ही उंबऱ्यात बसलेल्या. दोघा भावांचं बोलणं सुरू झालं: सहा महिने आईला इकडं ठेवायचं, सहा महिने तिकडं न्यायचं, पावसाळा कुठं, उन्हाळा कुठं. बोलणं तुमच्याविषयी होतं, पण तुम्ही तिथं आहात हे त्यांच्या गावीही नव्हतं. त्यांच्या सवयीप्रमाणं तुम्ही मागं असणार होता. तुम्ही बराच वेळ ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "मला इचारायचं न्हाई का?"

दादा दचकले. आई, तू कवा आलीस, असं म्हणाले. तुम्ही म्हणालात, "मी हितंच हाय. आन् हितंच ऱ्हानार." बस, एवढंच. पुढं काही नाही. दादांनी टोपी घातली आणि चहासाठीही थांबले नाहीत. तुम्ही तिथंच बसून राहिलात, हात मांडीवर. मी जवळ आले तर म्हणालात, ल्योक दुखावला गं. मी काहीतरी समजूत घातली. खरं म्हणजे मला म्हणायचं होतं, आत्याबाई, मी तुमच्या जागी असते तर माझी एवढी छाती झाली नसती. हेही राहिलं.

माघ संपता संपता, रविवारी दुपारी तुम्ही गेलात. पुढच्या अंगणात आंब्याचं कलम लावायचं होतं. हे म्हणत होते कोपऱ्यात लावू, तुमचं म्हणणं फाटकाजवळ. दोघांचं चांगलंच जुंपलं होतं. तुम्ही दिवाणावर, भिंतीला टेकून. "आरं पर माझं तर ऐक," असं म्हणालात. हे थांबले. मीही थांबले. आम्ही दोघं तुमच्याकडे बघत होतो, तुम्ही पुढं काय म्हणता ते ऐकायला, आणि तुम्ही काही म्हणाला नाहीत. डॉक्टर म्हणाले हृदय, आणि ते आज बिघडलेलं नाही, फार जुनं दुखणं होतं, कधी कुणी तपासलंच नसेल. मला एवढंच माहीत आहे की शेवटी तुम्ही ऐका म्हणालात आणि घरातलं सगळं माणूस ऐकत होतं.

तुम्हाला मिरजगावला नेलं. सगळ्यात जास्त दादा रडले. तेरा दिवस तिथंच होतो. भावकीची माणसं, सोयरेधायरे, रोज पंगती, आणि मागं दगडापाशी भांड्यांचा ढीग. अक्का आणि मी घासत होतो. अक्कांच्या अंगठ्यांना तुमच्यासारख्याच चिरा आहेत, मी आधी कधी पाहिल्या नव्हत्या. तेराव्याचं गोड जेवण झालं, बुंदीची पातेली राख लावून घासता घासता अक्का माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "हात चालत हुते तवर बाई चालत हुती. तू बसवलीस, आन् बसल्याजागी गेली." आजूबाजूच्या बायकांनी मान डोलावली. कुणी म्हणालं त्या डब्यानं खाल्ली. कुणी म्हणालं ज्या घरात भांडं वाजत नाही तिथं असंच व्हायचं. मी पातेलं दगडावर आपटलं. सगळ्या गप्प झाल्या, पण पटलं कुणालाच नाही. तुमची इतक्या वर्षांची भाषा मी पहिल्यांदाच तुमच्या गावात बोलले, आणि ती मला अपुरी पडली.

सावेडीला परत आल्यावर दोन दिवस हे नुसते इकडून तिकडे फिरत होते. मग म्हणाले, मशीन देऊन टाकू. नागापूरला एका कँटीनवाल्याला हवंय. पाडव्याला येऊन घेऊन जाईल, ठरलंय.

मी विचारलं, कधी ठरलं?

"तेराव्याला. जेवणं झाल्यावर. दादा आणि मी बोललो."

"मी कुठं होते?"

हे म्हणाले, "तू मागं होतीस ना, भांड्यांना."

आत्याबाई, आळ आला तेव्हा मला वाईट वाटलं होतं. हे ऐकल्यावर मला राग आला. इतका राग की माझे कान तापले. मी शिकलेली, पगार आणणारी, चाळीस पोरांना गप्प बसवणारी बाई, आणि तेरा दिवसांत मी तुमच्या दगडापाशी जाऊन पोचले होते. माझ्याच हातातल्या पातेल्याच्या आवाजात माझ्या घरातलं बोलणं मला ऐकू आलं नव्हतं. मी यांना सांगितलं, ते ठरलं नाही. हे म्हणाले, दादांना शब्द दिलाय. मी म्हटलं, मग दादा येतील तेव्हा बोलू. जेवणं झाल्यावर.

कालच पाडवा झाला. यंदा आपल्याकडे गुढी नव्हती. सण नसला तरी सगळ्यांनी एकत्र दोन घास खावेत म्हणून दादा आणि अक्का आले. साधंच जेवण केलं. आधी पुरुष जेवले, मग अक्का आणि मी. अक्कांनी हात धुतले आणि सवयीनं पदर खोचला, ताटं गोळा करायला लागल्या. मी त्यांच्या हातातली ताटं घेतली, मशीनमधे लावली, दार बंद केलं आणि पुढच्या खोलीत येऊन बसले. दादांच्या समोर, खुर्चीवर. थोरल्या दिरासमोर धाकट्या भावजयीनं बसायचं नसतं हे मला माहीत आहे. लग्नापासून मी त्यांच्यासमोर उभ्यानंच बोलले आहे, तेही डोक्यावर पदर घेऊन आणि अर्धंमुर्धं. दादांनी यांच्याकडे बघितलं. हे भिंतीकडे बघत होते.

मी म्हटलं, "दादा, तेराव्याला ठरलं तेव्हा मी मागं होते. आज इथं आहे. आता ठरवा."

दादा म्हणाले, मला का त्या मशीनचा राग हाय? पण माझ्या घरात जल्मभर राबली ती बाई, आन् शेवटाला त्या डब्यापायी हितं ऱ्हायली. त्यांचा आवाज फाटला. मला त्यांचं वाईट वाटलं, पण मी थांबले नाही. मी म्हटलं, डब्यापायी नाही राहिल्या. इथं त्यांचं बोलणं ऐकलं जात होतं म्हणून राहिल्या. आणि मग, आत्याबाई, तुमची परवानगी न घेता तुम्ही मला सांगितलेली एक गोष्ट मी दादांना सांगितली. तुम्ही ह्याच दिवाणावर बसून सांगितली होती. दादांच्या वेळी तुमच्या पोटात कळा सुरू झाल्या तेव्हा तुम्ही दगडापाशी होता आणि निम्मी भांडी राहिली होती. तुम्ही तशाच उठलात, आत गेलात, दादा झाले. लोक पेढे वाटत होते आणि तुमच्या डोक्यात एकच, ती निम्मी भांडी कुणी घासली. पुढं विचारीन म्हणता म्हणता ते राहून गेलं, आणि म्हातारपणी त्याचंच तुम्हाला हसू यायचं.

दादांनी डोकं खाली घातलं. स्वयंपाकघराच्या दारातून अक्कांचा आवाज आला, "मंग कोनी घासली?" मी म्हटलं, त्यांनाही कधी कळलं नाही.

अक्का तिथंच उभ्या होत्या, ओले हात पदराला पुसत. पुसायचं काही राहिलं नव्हतं तरी पुसत होत्या. मी त्यांच्याकडे वळून म्हटलं, "अक्का, तुम्ही म्हणालात ते खरं आहे. मी त्यांना बसवलं. आणि त्या परत आल्या तर परत बसवीन." बाहेर टेम्पोचा आवाज आला, कँटीनवाला आला होता. हे उठले. मला वाटलं संपलं. फाटकाशी जाऊन हे त्याच्याशी हळू आवाजात बोलले, मग जरा मोठ्यानं बोलले, आणि टेम्पो आला तसा गेला. आत आल्यावर हे कुणाकडेही न बघता म्हणाले, मशीन द्यायचं नाही. दादा हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. माझ्यावरचा आळही कुणी मागं घेतला नाही. नको घेऊ देत. तो आता मीच अंगावर घेतला आहे.

मी दिवाणावरची उशी बाजूला केली आणि अक्कांना म्हटलं, या. त्यांनी दादांकडे बघितलं, मग आत मशीनकडे, आणि येऊन दिवाणाच्या अगदी कडेला टेकल्या, कुणी हाक मारली तर पटकन उठता येईल अशा. थोड्या वेळानं माझ्याकडे झुकून हळूच म्हणाल्या, "बसले खरी. पर बोलू काय? काय सुचलंच न्हाई तर?"

मी म्हटलं, सुचेल, वेळ लागतो. दादांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि अक्कांकडे बघायला लागले, लग्नानंतर पहिल्यांदाच बघावं तसे. अक्कांनी एकदा तोंड उघडलं, परत मिटलं, हातातल्या बांगड्या मागंपुढं केल्या. आत मशीन चालू होतं की नाही, बाहेरून काही कळत नव्हतं. अक्का काय म्हणतात याची वाट बघत आम्ही तिघं बसून राहिलो, आणि आत्याबाई, कुणीही उठलं नाही.